न वाचलेल्या निरोपांची बारनिशी

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप माझ्या मोबाइलमध्ये पाच दिवस पडून होता. सहाव्या दिवशी त्यांनी फोन केला आणि अत्यंत सभ्य आवाजात विचारले, "माझा निरोप पोचला ना?" पोचला होता हो! तो कुठे आहे, एवढेच मला ठाऊक नव्हते. शोधायला बसलो तेव्हा तो नवरात्राच्या नऊ रंगांच्या यादीखाली आणि 'शुभ सकाळ' म्हणणाऱ्या एका टपोऱ्या गुलाबाच्या वर, अंग चोरून बसलेला सापडला. 'विषय तुमच्या मनाचा' असे त्यात लिहिले होते. त्या क्षणी माझ्या मनात दुसरा कोणताच विषय नव्हता.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवतो. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू गुंतलेली आहे, आणि गावात मी एकटाच मराठीचा प्राध्यापक नसलो तरी ओळखू येण्याइतका आहे. आमच्या कॉलेजचा सारा कारभार आता मोबाइलवरच्या गटांतून चालतो. मी एकदा मोजले, तर नोकरीशी संबंध असलेले माझे गट चौदा भरले. त्यांत 'अधिकृत सूचना' हा एक आणि 'अधिकृत सूचना (नवीन)' हा दुसरा. जुन्या गटाचे चालक सेवानिवृत्त झाले, पण गट काही सेवानिवृत्त झाला नाही; म्हणून अर्धे लोक इकडे सूचना टाकतात, अर्धे तिकडे, आणि सावध माणसे दोन्हीकडे. शिवाय परीक्षा विभाग, मूल्यांकन समितीच्या प्रत्येक निकषाचा वेगळा गट, राष्ट्रीय सेवा योजना, तिन्ही वर्षांचे वर्ग, निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली होती तेव्हाचा एक गट. ती निवडणूक होऊन गेली, निवडून आलेले गृहस्थही लोकांच्या विस्मरणात गेले, पण गटावर अजून दर सोमवारी महादेवाचे चित्र येते.

प्रत्येक गटाच्या नावापुढे एक हिरवी टिकली असते आणि टिकलीत आकडा. इतके निरोप तुम्ही वाचलेले नाहीत, असे ती सांगते. आमच्या घरी ही टिकली कोणालाच सोसत नाही. सौभाग्यवती रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी, गॅस बंद आहे ना ते पाहावे तशी, सगळ्या टिकल्या पुसून टाकते. माझी मुलगी आकडा शंभरावर गेला की गट न उघडताच 'वाचले' अशी खूण करून मोकळी होते. मी या दोघींच्या मधला. मी गट उघडतो, अंगठ्याच्या एका झटक्यासरशी तळाला जातो आणि शेवटचे दोन निरोप वाचून, आपण आपले कर्तव्य केले अशा समाधानाने बाहेर पडतो.

हा अंगठ्याचा झटका मला गेल्या वर्षी महागात पडला. खरे म्हणजे मला नव्हे.

परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस होते. ज्या विद्यार्थ्यांच्या अर्जांत विषय चुकले होते, त्यांची यादी कार्यालयाने अध्यापकांच्या गटावर टाकली: वर्गशिक्षकांनी आपापल्या विद्यार्थ्यांना कळवावे, दुरुस्ती सोमवारपर्यंत. यादी दुपारी तीनला आली. दुर्दैवाने त्याच दिवशी आमच्या भूगोलाच्या सहकाऱ्यांचा वाढदिवस होता. गटात बासष्ट माणसे. एकाने केकचे चित्र टाकले की उरलेल्या साठांना गप्प राहणे कठीण होते. कारण गप्प राहणाऱ्याची नोंद होते, आणि मार्चमध्ये त्याचाही वाढदिवस असतो. भूगोलाचे गृहस्थ सौजन्यमूर्ती! त्यांनी प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानले. ती यादी त्या शुभेच्छांच्या पुरात तीन वाजून काही मिनिटांनीच बुडाली. रात्री मी गट उघडला, अंगठा फिरवला, तळाशी हात जोडलेले चित्र पाहिले आणि झोपलो.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. ती अक्राणी तालुक्यातल्या, धडगावच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची. वडील दाराबाहेरच थांबले. हातात कापडी पिशवी, पायांवर घाटातल्या रस्त्याची धूळ. पहाटे निघून, जीपच्या मागे लोंबकळत आणि पुढे एस.टी.ने आले होते. दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. मुलीचे नाव यादीत होते आणि मुदत संपली होती.

मी तिला घेऊन तरातरा कार्यालयात गेलो आणि बऱ्याच वरच्या पट्टीत म्हणालो, "भाऊसाहेब, मला कुणी कळवलेच नाही!"

भाऊसाहेब शांत. त्यांनी मोबाइल काढला, तो निरोप शोधला, त्यावर बोट दाबून धरले आणि एक यादी माझ्यासमोर धरली. निरोप कोणाकोणाला पोचला आणि कोणी कोणी वाचला, याची ती यादी. "हे बघा सर, 'वाचले'मध्ये तुमचं नाव. रात्री दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं."

माझ्याकडे उत्तर नव्हते. यंत्र खोटे बोलत नव्हते आणि मीही खोटे बोलत नव्हतो. मुलगी मात्र हळू आवाजात म्हणाली, "सर, मी रविवारी टेकडीवर चढून फोन पाहिला होता. तुमचा निरोप नव्हता."

तो पेपर तिला त्या सत्रात देता आला नाही. पुढच्या सत्रात दिला, पुन्हा शुल्क भरून. ते शुल्क मी भरू म्हटले तर वडिलांनी मान हलवली.

टेकडीवर चढून फोन पाहणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्या जिल्ह्याची मोठी गंमत आहे. आधार क्रमांक देशात पहिल्यांदा दिले गेले ते याच जिल्ह्यात, शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आणि याच जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात, असे पाडे आहेत जिथे फोनला आवाज नाही. तिथली पोरे एखादी उंच सोंड, एखादे झाड हेरून ठेवतात. तिथे उभे राहिले की पलीकडच्या मनोऱ्याची एक-दोन दांडी फोनवर उमटते. तीन-चार दिवसांनी एकदा तिथे चढायचे, आणि चढले की चार दिवसांचे निरोप एकदम कोसळतात. गुलाब, महादेव, केक, पळणारी चित्रे, सगळे एकाच ओळीने. बॅटरी संपत आलेली, खाली गुरे सोडलेली. त्या ढिगातून आपल्या कामाचा एक निरोप त्या मुलीने शोधायचा. आम्ही शहरगावचे लोक टिकलीच्या आकड्याने कंटाळतो; तिला तो कंटाळाही परवडत नाही.

त्या संध्याकाळी मी नानांकडे गेलो. नाना आमच्या गल्लीत राहतात. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सरकारी कागद आणि अहिराणी बोली, या दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारा आमच्या गावात नाही. सारी हकीगत ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "सर, तुमनं टपाल ते येस, पन टेबल कोनं?"

म्हणजे टपाल येते हे ठीक. पण ते कोणाच्या टेबलाचे?

मग त्यांनी मला जवळजवळ दीड तास शिकवले. मला एम.ए.लासुद्धा इतके मन लावून कोणी शिकवले नव्हते. सरकारी कचेरीत कागद आला की त्यावर तारखेचा शिक्का बसतो आणि आवक बारनिशीत त्याची नोंद होते: क्रमांक, कोणाकडून, विषय काय. मग वरिष्ठ त्यावर कोणत्या टेबलाकडे जायचे ते लिहितात, आणि त्या टेबलाचा कारकून तो आपल्या कार्यविवरणाच्या नोंदवहीत चढवतो. त्या क्षणापासून कागद सगळ्या कचेरीचा राहत नाही, एका माणसाचा होतो. आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढायचा. मागील शिल्लक किती, नवीन आले किती, निकालात निघाले किती, उरले किती. "त्यात 'वाचले किती' असा रकानाच नाही," नाना म्हणाले. "कागद वाचला म्हणून कुणाला पगार मिळत नसे."

आणि मग सहा गठ्ठे. सरकारी नोकरीतल्या वाचकांना ही पद्धत ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. कचेरीतल्या कागदांचे डोंगर, त्यांत हरवणारी प्रकरणे आणि खेटे घालणारी माणसे पाहून त्यांनी कामाची सारी मांडणीच बदलली. त्यांच्या नावाशी जोडलेली ही सहा गठ्ठ्यांची पद्धत पुढे राज्यभर कचेऱ्यांत गेली. टेबलावरच्या ढिगाचे सहा वाटे करायचे. पहिल्यात ज्यावर आपणच काम करायचे आहे ते कागद. दुसऱ्यात ज्यावर आपले काम झाले, पण दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे ते. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, चौथ्यात कायम हाताशी लागणारे स्थायी आदेश, पाचव्यात काम संपून अभिलेख कक्षात जायचे ते. आणि सहावा गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांचा! या शेवटच्या गठ्ठ्याविषयी बोलताना नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिले नव्हते.

परत येताना मी विचार करीत होतो. ज्या कारकुनाच्या नावाने आपण जन्मभर बोटे मोडली, त्याच्याजवळ सहा गठ्ठे होते. आणि साऱ्या जगातल्या बुद्धिमान अभियंत्यांनी घडवलेल्या माझ्या खिशातल्या यंत्राजवळ दोनच आहेत: वाचलेले आणि न वाचलेले.

हे दुखणे निरोपांच्या संख्येचे आहे, असे आपण समजतो. मला आता तसे वाटत नाही. १९९६ साली स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर या दोन संशोधकांनी ई-मेलच्या भाराविषयी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ई-मेल निघाली ती निरोप पोचवण्यासाठी. पण लोकांनी तिच्यातच कामाची यादी ठेवली, तिच्यातच दप्तर ठेवले. एका पेटीवर तीन कामे लादली आणि ती कोलमडली. मोबाइलवरच्या गटांचे तेच झाले. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले ते माणसांनी माणसांशी बोलावे म्हणून. ओसरीवरच्या गप्पांसाठी ते उत्तमच आहे. आम्ही त्याच ओसरीवर कचेरी भरवली, आणि मग कचेरीत गप्पा का चालतात म्हणून कपाळाला हात लावला.

त्या दोन निळ्या खुणांचेही तसेच. त्या नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. बायकोने नवऱ्याला "वाचून उत्तर का दिले नाही?" असे विचारण्यापुरत्या त्या ठीक आहेत. (त्यावरून आमच्या घरी जे झाले ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.) पण कचेरीत निळी खूण हा पुरावा होतो. पाठवणारा सुटतो आणि वाचणारा अडकतो, न वाचताच अडकतो. जुन्या टपालात 'पोच' असे. पण ती घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने सही करून द्यायची असे. यंत्राने माझ्या वतीने केलेली सही मला मान्य नाही. मला एक तिसरी खूण हवी, मी स्वतः बोटाने उमटवीन अशी: 'हाती घेतले'. आणि चौथी: 'झाले'. चौथी खूण उमटेपर्यंत तो निरोप माझ्या डोळ्यांपुढून हलता कामा नये, मग त्यावर शंभर वाढदिवस येवोत.

असे करणे अशक्य आहे असे नाही. कचेरीच्या कामासाठीच बेतलेली काही साधने आहेत. 'झुलिप' नावाचे एक आहे, त्यात प्रत्येक निरोप कोणत्या तरी विषयाच्या मथळ्याखाली लिहावा लागतो, आणि काम संपले की त्या विषयावर 'निकाली' अशी खूण करता येते. नाना हे ऐकून खूष झाले. 'स्लॅक' म्हणून दुसरे आहे, त्यात एखादा निरोप नंतरसाठी बाजूला काढून ठेवता येतो, म्हणजे दुसऱ्या गठ्ठ्याची निदान सुरुवात तरी झाली. पण ही साधने शहरातल्या मोठ्या कचेऱ्यांत. आमच्या जिल्ह्यातली शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र त्याच ओसरीवर बसते, कारण ती फुकट आहे आणि सर्वांच्या फोनात आधीपासून आहे.

मला विचाराल तर पहिली सुधारणा वाचणाऱ्याच्या फोनात नव्हे, पाठवणाऱ्याच्या फोनात व्हावी. जुन्या तारेची आठवण काढा. आपल्याकडे तारसेवा १४ जुलै २०१३च्या रात्री संपली. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस लिहिण्यापूर्वी विचार करी. आणि शुभेच्छांची सोय किती शहाणपणाची होती! दिवाळीच्या, लग्नाच्या, परीक्षेतल्या यशाच्या शुभेच्छांना ठरलेले क्रमांक असत. तारेने नुसता क्रमांक जायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य छापील मिळायचे. शुभेच्छा पोचत, आणि त्यांनी कोणाच्या मरणाची किंवा नेमणुकीची तार बुडवली नाही. आज पाठवणाऱ्याला काहीच पडत नाही. सारी किंमत बासष्ट वाचणारे भरतात. पैसे घ्या असे मी म्हणत नाही. पण बासष्ट जणांना निरोप धाडण्यापूर्वी यंत्राने एवढे तरी विचारावे: हे कोणासाठी? त्यांनी काही करायचे आहे की नुसते वाचायचे? कधीपर्यंत? तीन प्रश्नांची उत्तरे द्यायचा कंटाळा आला तर तो निरोप बहुधा सहाव्या गठ्ठ्यातला आहे असे समजावे.

आणि टिकलीतला आकडा? तो बदला. मला न वाचलेले निरोप एक हजार एकशे सत्तेचाळीस आहेत, हे सांगून यंत्र मला फक्त घाबरवते. माझ्या नावाचे, माझ्या हातून अडलेले तीन आहेत, असे सांगितले तर मी रात्री दहा एक्केचाळीसलासुद्धा उठून बसेन. टेकडीवर उभ्या राहिलेल्या पोरीला तर हे आधी मिळायला हवे. दांडी उमटली की पहिल्यांदा तिच्या नावाचे निरोप उतरावेत, गुलाब मागून येवोत. हे यंत्र घडवणाऱ्यांच्या बंगळूरच्या कचेरीत फोनला आवाज नाही असा कोपरा बहुधा नसावा. त्यांनी चार दिवस धडगावच्या पलीकडे राहून यावे. सोबतीला मी येईन.

रात्रीच्या निरोपांविषयीही एक शब्द. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून, कामाची वेळ संपल्यावर निरोपांपासून दूर राहण्याचा नोकरदाराचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले होते; ते काही कायदा झाले नाही. मला तो हक्क मिळाला तर आवडेल, पण माझा गुन्हा रात्रीचा असला तरी निरोप दुपारी तीनचा होता, हेही मी विसरत नाही.

आमच्या कॉलेजात मग काय झाले? मी सभेत सूचना मांडली की वाढदिवसांचा गट वेगळा करावा. सभागृहात जी शांतता पसरली ती अद्याप माझ्या कानांत आहे. भूगोलाचे सहकारी पंधरा दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. शेवटी प्राचार्यांनी मध्यम मार्ग काढला: अधिकृत गटावर फक्त चालकांनीच लिहायचे. अशी सोय ॲपमध्ये २०१८पासून आहे, पण आम्हाला कोणाला ती पाहायला फुरसत झाली नव्हती. आता त्या गटावर दिवसाला दोन-तीनच निरोप येतात, आणि लोक म्हणतात, गटात जान राहिली नाही. माझ्या वर्गाच्या गटावर मी रोज संध्याकाळी सहाला एकच निरोप टाकतो. पहिल्या ओळीत ज्यांचे काम आहे त्यांची नावे, दुसऱ्या ओळीत तारीख. ज्याचे नाव असेल त्याने 'ओ' म्हणायचे, हजेरीला म्हणतात तसे. ज्याचा 'ओ' चार दिवसांत आला नाही त्याच्या गावाकडे जाणाऱ्या जीपवाल्याजवळ चिठ्ठी. ही शेवटची तरतूद कोणत्याही ॲपमध्ये नाही.

ती मुलगी पुढे उत्तीर्ण झाली. मधून मधून तिचा निरोप येतो, दोन ओळींचा. तो मी वेळेवर वाचतो, कारण मी तिचे नाव सगळ्यांच्या वर टाचून ठेवले आहे.

नानांना मात्र त्यांच्या मुलाने गेल्या पाडव्याला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटात ते सामील झाले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांच्या टिकलीत चारशे भरले. मला वाटले, आता गुरूची परीक्षा आहे. परवा गेलो तर नाना ओसरीवर चष्मा लावून बसलेले. समोर शंभर पानी वही, तीत लाल शाईने आखलेले रकाने. आवक क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, काय केले. गुलाबांसाठी त्यांनी वहीच्या शेवटी वेगळे पान ठेवले आहे आणि त्यावर फक्त रेघा ओढल्या आहेत, पाचांच्या जुडग्यांनी. मी चाळत चाळत माझ्या नावाशी आलो. 'क्र. २१८. सर, गल्ली. विषय: रविवारी चहाला या.' पुढच्या रकान्यात नानांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'प्रतीक्षाधीन. सरांनी दूध आणले की कळवतील.'